सर्व्हर मले बे म्हणते

अमरावतीतल्या एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत आमचं ऑफिस होतं. खाली फिजिक्सची सूत्रं पाठ व्हायची, वर आम्ही दोघं प्रोग्रामर सर्व्हर लिहायचो. कपाशी गेली, तूर गेली, अशाच बातम्या रोज येत होत्या तेव्हाची ही गोष्ट. एका संस्थेला शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप हवं होतं. तालुका आणि पीक लिहा, कोणती अळी आलीय आणि काय करायचं ते कळेल. ॲप अकोल्याचा एक जण बनवत होता. त्याच्या ॲपनं विचारायचं, आमच्या सर्व्हरनं सांगायचं.

सांगणारे मात्र आम्ही दोघं होतो. माझा सहकारी चार वर्षं पुण्यात नोकरी करून परतलेला. काही चुकलं की त्याचा अर्धा सर्व्हर कळवायचा, "क्षमस्व, आपली विनंती ग्राह्य धरता येत नाही." माझा अर्धा म्हणायचा, "नाही."

एका सकाळी अकोल्याचा तो ॲपवाला एसटीनं थेट येऊन धडकला. घरचा रजयांचा धंदा सोडून कॉम्प्युटरकडे वळलेला माणूस, तोंडात अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी.

"ताई, तुमचा सर्वर एक हाय का दोन? आता नवाब, घडीभरानं हवालदार! मी ॲपले काय काय समजावू?"

"इतकं काय बिघडलं?" मी विचारलं.

त्यानं आम्हाला टेबलामागं उभं केलं, स्वतः बाहेर गेला आणि दार वाजवून आत आला. माझ्या सहकाऱ्यापुढं येऊन ॲपच्या थाटात तालुका आणि पीक म्हणाला, "पातूर, तूर."

"नमस्कार. आपण मागवलेली माहिती पुढीलप्रमाणे आहे..."

तो माझ्याकडं वळला. "पातूर, तूर."

"शेंगअळी," मी म्हटलं.

"पाह्यलं?" तो ओरडला. जिन्यात जमलेली क्लासची पोरं खो-खो हसली.

त्याच दिवशी ठरलं की प्रत्येक उत्तर एकाच साच्यात जाईल. आधी काम झालं की नाही, मग एका ओळीचा निरोप, मग माहिती. चुकांचे निरोपही एकाच ठिकाणाहून निघतील. ते ठिकाण मी लिहिलं. पीक ओळखता आलं नाही तर काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून मित्राला 'का रे' म्हणून दटावावं तसं तात्पुरतं लिहून ठेवलं, "काहून बे, काय पाहिजे तुले?" नंतर बदलणार होते. विसरले.

ॲप सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. अंजनगावकडची एक शेतकरीण होती.

"हे अळीवालं ऑफिस हाय का?"

"हो मावशी, बोला."

"तुमचा सर्व्हर मले बे म्हणते."

मी लगेच चुकांच्या निरोपांची फाइल उघडली.

"तीनदा तूर लिहिली. तिन्ही टाइम काहून बे! आमच्या घरधन्यानं बी मले कधी बे म्हटलं नाही."

वाक्य माझंच होतं. पूर्वी निदान अर्धेच लोक माझ्या तावडीत सापडले असते. आता पद्धत एकच झाल्यामुळे सगळ्या तालुक्यांना सारखाच मान मिळत होता. सहकारी डोकं धरून बसला. मी घाईनं अकोल्याला फोन लावला, तर ॲपवाला म्हणाला, "लोकांचे फोन येऊन राहिले ताई. पण फॉर्म्याट एकदम बरोबर हाय!"

शोधल्यावर कळलं की बाईनं 'तुर' लिहिलं होतं, ऱ्हस्व उकार लावून, आणि पुढं एक मोकळी जागा सोडली होती. दुसऱ्या कुणी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. आम्ही उत्तरांना शिस्त लावली होती, प्रश्नांना नाही. मग तेही केलं. येणारा प्रश्न आधी एकाच दारातून घ्यायचा, मोकळ्या जागा काढायच्या, साऱ्या तुरी एक करायच्या. निरोपावरून मात्र दुपारभर भांडण झालं. सहकाऱ्याला 'क्षमस्व' सोडवेना. शेवटी "हे पीक सापडलं नाही, पुन्हा लिहून पाहा" यावर मिटलं.

मी बाईंना फोन करून माफी मागितली.

"माफी राहू दे," त्या म्हणाल्या. "तूर आता दाखवते. पण तो बे म्हणणारा पोरगा कोन होता वं? त्याले कामावरून काढलं काय?"

"नाही काढलं, मावशी."

"काढू नका. घरचं असंन कोनी तरी त्याच्यामांगं."

"हो," मी म्हटलं.

मग त्यांनी चष्मा सापडत नाही म्हणून फवारणीचं मलाच वाचून दाखवायला सांगितलं. मी दोनदा वाचलं.