आत्याचा पहिला नंबर

आत्या पहिल्यांदा सिंगापुरात पुंगोलच्या आमच्या चिमुकल्या फ्लॅटवर जेवायला आली तेव्हा मृणालने, म्हणजे माझ्या बायकोने, मोठ्या हौसेने साबुदाण्याची खिचडी केली होती. आत्याने पहिला घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "सहावी." आजवर खाल्लेल्या सगळ्या खिचड्यांमध्ये मृणालची सहावी. मृणालच्या हातातला डाव हवेतच राहिला. पहिल्यांदा जेवायला आलेली बाई घरच्या सुगरणीला तोंडावर सहावा नंबर देते, हे आम्ही दोघांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आत्याने मात्र आणखी दोनदा खिचडी वाढून घेतली आणि दाण्याचं कूट जरा जाडसर हवं होतं, असं जाता जाता सांगून गेली.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. आमच्या ऑफिसात ती टेस्टिंगची प्रमुख होती. आम्ही रात्रंदिवस खपून जे सॉफ्टवेअर लिहायचो, त्यातल्या चुका शोधून आमच्यापुढे मांडणं हे तिचं काम, आणि ते ती इतक्या आवडीने करायची की लग्नघरात मानपानातली खोट काढणारी आत्याच आठवावी. कुणीतरी पाठीमागे 'आत्या' म्हटलं, ते तिच्या कानावर गेलं आणि तिला ते आवडलं. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली, मूळची कोथरूडची. सिंगापूरच्या बिशान भागात एका खोलीत भाड्याने राहायची. 'छान' हा शब्द तिच्या तोंडून मी कधीही ऐकला नाही. तिच्या मते ज्याला तपासायचा कंटाळा येतो तो छान म्हणतो.

अशी ही पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा न खाणारी बाई व्हिएतनामी सँडविचच्या नादी लागली हा आम्हाला बसलेला पुढचा धक्का. ऑफिसच्या खालच्या दुकानात एकदा तिने टोफू घातलेलं बान मी घेतलं. बान मी म्हणजे हातभर लांब, बाहेरून कडक आणि आतून पोकळ असा पाव, त्यात गाजर-मुळ्याचं लोणचं, काकडी, कोथिंबीर, मिरची आणि मग ज्याला जे हवं ते. पाव मोडल्याचा कडकन आवाज झाला आणि आत्या खाता खाता थांबली. "हा पाव बोलतो," ती म्हणाली. त्या शनिवारपासून सिंगापूरभर बान मी शोधणं आणि त्यांना नंबर देणं सुरू झालं. मृणाल, मी आणि आमची लेक ईरा आपोआप त्यात ओढले गेलो.

खाण्याची तिची पद्धत ऑफिसातलीच होती. नव्या दुकानात आधी सगळ्यात साधं बान मी मागवायचं, कारण साध्यात लपवाछपवी चालत नाही. पाव कानाशी धरून दाबायचा. पहिला अर्धा भाग मिरचीशिवाय, दुसरा मिरचीसकट. दक्षिण व्हिएतनाममधल्या सायगॉनकडचं बान मी भरगच्च, लोणच्या-कोथिंबिरीने ओसंडणारं, त्याला ती 'लग्नाचं ताट' म्हणायची. मधल्या भागातल्या होई आनकडचं रश्शात भिजलेलं, ते तिला मुळीच पटायचं नाही, पावाला बोलूच देत नाही म्हणे. उत्तरेकडचं मात्र सडपातळ, आत जेमतेम दोन-तीन गोष्टी, आणि ते तिच्या खास मर्जीतलं. मांसाहारी विभाग माझ्याकडे होता. मी पोर्कचं खायचो आणि ती माझी उलटतपासणी घ्यायची. एकदा मी नुसतंच "मस्त आहे" म्हणालो, तर पुढचे दोन शनिवार माझं मत तिने धरलं नाही. ईरा लवकर शिकली. एका दुकानात तिने पहिल्याच घासाला इथल्या सिंगापुरी इंग्रजीत जाहीर केलं, "आत्या, धिस वन सो-सो ओन्ली लाह. ब्रेड नॉट टॉकिंग." आत्याने तिला कडेवर उचलून घेतलं.

पहिला नंबर लागला तो चोआ चू कांग भागात. एका राहत्या इमारतीखालच्या कॉफी शॉपमध्ये चि लान नावाची हनोईकडची बाई छोटासा स्टॉल चालवायची. 'चि' म्हणजे ताई. आत्याने तिला नेहमीची फर्माईश सांगितली: मीट नको, अंडं नको, मासा नको, कोळंबी नको, फिश सॉस नको. काही राहून जाऊ नये म्हणून ती हे बोटांवर मोजून सांगायची. चि लानने हसून मान डोलावली, मांसाचे काप बाजूला ठेवले आणि कडक पावाला लोणी, एक तपकिरी वाटण, काकडी आणि मिरचीचा सॉस एवढंच लावून दिलं. आत्याने घास घेतला, लगेच दुसरा घेतला. मग तिने आम्हाला ते वाटण समजावून सांगितलं. मशरूम, भाजलेला कांदा, मिरी, आणि बहुतेक थोडी वाटलेली डाळ. असं वाटण आपल्याकडे कुणाच्या बापाला जमणार नाही, असंही म्हणाली. नंबर पहिला. पुढे कितीतरी महिने तो हलला नाही.

हा नंबर फक्त आमच्यापुरता नव्हता. रविवारी सकाळी आत्या आमच्याकडे पोह्यांना यायची आणि तिथूनच पुण्याला आईला फोन लावायची, तोही स्पीकरवर. आई ऐंशीच्या पुढची, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. लेकीने काल काय खाल्लं, कितवा नंबर, का, हे तिला सगळं ऐकायचं असायचं. आईचे हात थरथरायला लागल्यापासून गौरींच्या नैवेद्याचा स्वयंपाक तिने आत्याकडे सोपवला होता. घरात दोन सुना असताना बिनलग्नाच्या लेकीला ओट्याशी उभं केलं म्हणून नातेवाइकांनी बरंच तोंड वाजवलं, पण आई बधली नाही. आत्या दर वर्षी त्यासाठी रजा राखून ठेवायची. ऑफिसातली बढती तिने हसून सोडून दिली होती, पण घावन-घाटल्याचा तो मान तिला जिवापाड होता. त्याविषयी बोलताना तिचा आवाजसुद्धा बदलायचा.

मग आमच्या टीममध्ये फुओंग आली, हनोईची, नुकतीच शिक्षण संपवलेली पोरगी. एका शनिवारी आम्ही सगळे चि लानकडे निघालो तेव्हा आत्या तिलाही अभिमानाने घेऊन आली. आपलं बिनमांसाचं बान मी अर्धं करून तिच्या हातात दिलं आणि वाटणावरचं आपलं व्याख्यानही दिलं. फुओंगने घास घेतला, तिचा चेहरा उजळला. अगदी घरची चव, ती म्हणाली, माझी आई असंच लिव्हर वाटते.

मी माझं पोर्कचं सँडविच खाली ठेवलं. मृणालने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. आता आत्या किंचाळणार, ओकणार, किमान स्टॉल तरी उलथवणार, अशी माझी खात्री होती. आत्याने हातातला तुकडा कागदावर ठेवला, कागदाची घडी घातली, तोंड पुसलं आणि फुओंगला विचारलं, नक्की का? कुणाचं? नेहमीच असतं का? नक्की, डुकराचं, नेहमीच, फुओंगचा आवाज बारीक बारीक होत गेला. शेवटी ती रडायलाच लागली, कारण आत्या शाकाहारी आहे हे तिला आत्ता कळत होतं.

आत्या उठून स्टॉलपाशी गेली. मी मागोमाग गेलो, भांडण झालं तर सोडवायला. चि लानला आधी काही समजेचना. आत्याने सांगितल्याप्रमाणे ती मीट कधीच घालत नव्हती, पाते, म्हणजे ते तपकिरी वाटण, तर पावाला लावायचं असतं, त्याला मीट कोण म्हणतं? फुओंगने तिच्या भाषेत समजावलं तेव्हा तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. ती स्वतः पौर्णिमेला आणि अमावास्येला मांसाला शिवत नव्हती, म्हणून आपल्या हातून काय झालं ते तिला आमच्याहून लवकर कळलं. काउंटरच्या बाहेर येऊन ती आत्यापुढे वाकून वाकून माफी मागायला लागली. आत्याने तिचे हात धरले आणि इंग्रजीत म्हणाली की चूक तुझी नाही, मीच तो प्रश्न विचारला नव्हता. मी सुन्न होऊन बघत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईने स्वतःची चूक एका वाक्यात पदरात घेतली होती.

परतताना आम्ही एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलो. शेवटी मीच धीर करून म्हणालो, म्हणजे आता पहिला नंबर दुसऱ्यावर असलेल्या बिशानच्या टोफूवाल्याचा. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललोय.

"का? खाल्लं तेव्हा आवडलं होतं. आता कळलं म्हणून आवडलं नव्हतं म्हणू? जन्मात पुन्हा शिवणार नाही. पण नंबर तोच."

खरं सांगतो, लिव्हरचा धक्का एकवेळ परवडला. या उत्तराने मात्र मी पुरता गार झालो.

रविवारी पोह्यांच्या आधी मृणालने तिला समजावलं. अजाणता घडलंय, देवाला नमस्कार करा आणि सोडून द्या, आईंना या वयात सांगू नका. गौरी तोंडावर आल्यात. मीही री ओढली. आत्याचे हात मांडीवर घट्ट एकमेकांत गुंतले होते. तिलाही भीती वाटत होती, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. "आई विचारेल," एवढंच ती म्हणाली आणि तिने फोन लावला, नेहमीसारखा स्पीकरवर.

आईने विचारलंच. आत्याने सगळं सांगितलं. काय होतं, कुणाचं होतं, किती महिने खाल्लं, सगळं सरळ. मग आईचा आवाज आला, "आणि नंबर?"

"पहिला," आत्या म्हणाली. "अजून पहिलाच आहे, आई."

आईने फोन ठेवून दिला. पोहे तसेच गार झाले.

त्या वर्षी आत्या गौरींना पुण्याला गेली, पण नैवेद्य थोरल्या वहिनीने केला. आत्या बाहेरच्या खोलीत बसून फुलं निवडत होती. परत आल्यावर हे तिने आम्हाला बगचा रिपोर्ट सांगावा तशा सुरात सांगितलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मला तिच्या आईचा भयंकर राग आला. तिचाही आला. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलंसुद्धा. ती म्हणाली की मग बाकीच्या नंबरांचं काय करायचं, तेही खोटेच ठरले असते ना.

चि लानने दरम्यान हट्टाने मशरूमचं वाटण तयार केलं, वेगळी सुरी, वेगळा डबा, खास आत्यासाठी. आत्याने खाल्लं आणि सांगितलं, "चौथा." फुओंगने कपाळाला हात लावला. इतक्या प्रेमाने केलेल्या गोष्टीला चौथा नंबर? पण चि लान जराही हिरमुसली नाही. काय कमी आहे, तिने विचारलं. मिरी, आत्या म्हणाली, आणि कांदा आणखी भाजायला हवा. पुढच्या शनिवारी तिसरा, काही आठवड्यांनी दुसरा. दुसऱ्यावरच ते अडकलं, आणि चि लान येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या दुसऱ्या नंबरची हकिगत सांगायची.

पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास कंपनीने टेस्टिंगचं काम दुसऱ्या देशात हलवलं. आत्याचा इथला कामाचा पास संपला आणि नवीन नोकरी शोधायची तिची इच्छा उरली नव्हती. दोन बॅगांत संसार भरून ती पुण्याला निघाली. विमानतळावर ईरा तिला सोडेना. ईराने विचारलं, माझा नंबर कितवा? आत्याने तिला जवळ घेतलं, पण माणसांना ती नंबर देत नाही असं सांगितलं, आणि मग आमच्याकडे न बघता झपाझप आत गेली. शनिवार अजून येतात, आम्ही अजून पाव कानाशी धरतो. नंबरावर मात्र आमचं एकमत होत नाही.

गौरी बसायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. मागे कढई-झाऱ्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, कोण करतंय स्वयंपाक? "मी," ती म्हणाली. मला आनंदाआधी धक्काच बसला. मी म्हणालो, अहो पण आई मागच्या वर्षी तर... वहिनी काही म्हणाल्या नाहीत?

थोरली वहिनी म्हणाली ना, आत्या सांगायला लागली. सगळ्यांसमोर आईला विचारलं तिने, यांनी तर तसलं खाल्लंय, तरी यांच्या हातचा नैवेद्य कसा चालतो. मीही आईला तेच विचारलं.

"मग?"

"आई म्हणाली, बाकीच्यांनी काय काय खाल्लंय ते मला ठाऊक नाही. हिचं ठाऊक आहे."