पाठ करून बसणाऱ्या काकू

"मी पाठ करून बसते. तुमी तुमचं बोला," असं म्हणून काकू आपली घडीची खुर्ची उघडायच्या आणि खरोखरच पाठ करून बसायच्या. समोर धरण असो, उसाचा फड असो, नाहीतर नुसते दगडधोंडे असोत, त्या तिकडंच बघत राहायच्या.

तुमच्याही गावात आता अशी एखादी बाई असेल. लग्न ठरलं की फोटोसाठी लांब शेपटाचे गाऊन भाड्यानं देणारी. सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी काकूंचं दुकान होतं. आधी त्या ब्लाउज शिवायच्या. प्री-वेडिंगचं खूळ आलं, तसे ब्लाउज मागं पडले आणि दुकानभर गाऊन लटकायला लागले. गाऊनचं शेपूट वाऱ्यावर उडालंच पाहिजे, अशी प्रत्येक नवरीची अट. काकू म्हणायच्या, "उडतंय गं, लय उडतंय. फकस्त बाभळीपासनं लांब ऱ्हा."

पण लोक त्यांच्याकडं यायचे ते सोबतीसाठी. साखरपुडा झालेली पोरगी दिवसभर नवऱ्या मुलाबरोबर डोंगरात जाणार म्हटलं की आमच्याकडं वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यात फोटोग्राफर बाप्या, त्याचा मदतनीस बाप्या. "बरोबर बाईमाणूस कोण?" हा पहिला प्रश्न. काकू आहेत म्हटलं की परवानगी मिळायची. गाऊन, चादर, सेफ्टी पिना, खुर्ची आणि काकू, असं सगळं एकाच गाडीतून निघायचं. चादर दोन झाडांना बांधली की झाली कपडे बदलायची खोली.

महाबळेश्वरला एका जोडीतला मुलगा फौजेतला होता. कॅमेरा समोर आला की गडी सावधानमध्ये उभा. फोटोग्राफरनं परोपरीनं सांगितलं, तरी खांदे सैल होईनात. शेवटी पाठ करून बसलेल्या काकू म्हणाल्या, "आवं पाव्हनं, परेड संपली. ती काय शत्रू हाय व्हय? जरा जवळ सरका." न बघता त्यांना हे कसं कळलं, देव जाणे. ते फोटो म्हणे फार छान आले.

काकूंचा एक हट्ट होता. शूटिंगच्या आधी एक दिवस जोडीनं नुसत्या जागा बघायला जायचं. कॅमेरा नाही, फोटोग्राफर नाही. फोटोग्राफर वैतागायचे, घरचे म्हणायचे फुकटचा खाडा. काकू ऐकायच्या नाहीत. "फोटू काय, एका दिसात निगत्यात. आदी दोघं मिळून ठरवू तर द्या." कुठं उभं राहायचं हे ठरवायला एवढा दिवस कशाला लागतो, हे मलाही कळत नव्हतं.

माझं लग्न ठरलं ते मेढ्याकडच्या मुलाशी. शेती, वर महाबळेश्वरात दोन टॅक्स्या. मुलगा स्वभावानं चांगला, हे मी आजही म्हणेन. रोज फोन करायचा, "जेवलीस का?" म्हणून विचारायचा. मी हो म्हटलं की दोघांकडंही बोलायला काही उरायचं नाही. शूटिंगची टूम निघाली तेव्हा आम्हाला विषय मिळाला. त्याला धुकं हवं होतं, मला कृष्णेचा घाट. लाल गाऊन की पांढरा, त्याचं जाकीट की नेहरू शर्ट, यावर आम्ही आठवडाभर गप्पा मारल्या. मला वाटलं, सूर जुळले.

बोलायचं होतं ते तसंच राहिलं होतं. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले की मला जेवढं बरं वाटतं, तेवढं दुसऱ्या कशानं वाटत नाही. बैठकीत त्याची आई म्हणाली होती, "नोकरीचं काय, बघू नंतर." आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, मान डोलावली होती. ते 'नंतर' कधी येत नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले, कारण बैठकीत नवरीनं बोलायचं नसतं.

जागा बघायच्या दिवशी काकू आणि मी गाडी करून मेढ्याच्या पुढं धरणाच्या काठाला गेलो. तो तिथं आधीच येऊन थांबला होता. वारा मनासारखा होता. तो पाण्याकडं तोंड करून उभा राहणार, मी मागून येणार, गाऊनचं शेपूट डावीकडं उडणार, सगळं ठरलं. काकू पाठ करून बसल्या होत्या. आणि मी एकदम बोलून गेले, "मला काम सोडायचं नाही. साताऱ्यात लॅब आहेत. मी जाऊन-येऊन करीन."

तो बुटाच्या टोकाकडं बघत राहिला. "घरी विचारतो," म्हणाला.

"तुम्हाला काय वाटतं?"

"आई म्हणेल तसं."

खुर्चीकडून आवाज आला, "ते आईचं झालं, पाव्हनं. तुमचं सांगा की."

काकूंनी तोंड वळवलं नव्हतं. त्यानं मोबाइल काढून तारीख बघितली आणि मला म्हणाला, "मग शूटिंग रविवारीच ठेवायचं ना?"

परतताना गाडीत काकूंनी एवढंच विचारलं, "चालंल तुला?" मी नाही म्हणाले. "मग आजच सांग. पत्रिका छापल्यावर तोंड उगडत न्हाई कुनाचं."

घरी दादांसमोर मात्र "हे लग्न नको" एवढंच बोलून मी चपलांचे पट्टे सोडायला लागले. काकू दारातूनच निघून जातील असं मला वाटलं होतं. त्या दादांच्या समोर येऊन बसल्या. "आवं भाऊ, पोरगी काय म्हनतीया ते आदी नीट ऐका. मी तितंच हुते. वावगं एक अक्षर बोलली न्हाई ती."

दादा कडाडले, "तुमास्नी सोबत म्हणून धाडलं हुतं, लगीन मोडाय न्हवं!"

"सोबतच करतीय की मी," काकू म्हणाल्या.

मग मला कंठ फुटला. रडत, अडखळत, पण सगळं सांगितलं. लग्न मोडलं. दादा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आणि गावभर झालं की गाऊनवाली पोरी फितवते. तिला सोबत न्याल तर पोरगी हातची जाईल. आधी वडीलधारे बिचकले, मग फोटोग्राफरांनीच दुसऱ्या बायका शोधल्या. काकूंनी दुकान आवरलं आणि जतकडं भावाच्या गावी जायला निघाल्या. टेम्पोत गाऊन भरताना मी त्यांना म्हणाले, "काकू, माझ्यामुळं झालं हे."

"गप गं," त्या म्हणाल्या. "किती वर्सं पाठ करून बसले मी. पाठीमागं समदी हेच बोलायची, हात कुटं ठेवू, मान कशी धरू. मला वाटायचं, एकादी तरी बोलंल. तू बोललीस." आणि लगेच टेम्पोवाल्यावर ओरडल्या, "आरं दादा, पांढरा वर ठेव, मळंल!"

यंदा माझं पुन्हा ठरलंय. मुलगा रहिमतपूरचा. शूटिंग कुठं करायचं हे ठरवायला घाटावर बसलो, तेव्हा मी कामाचं आधी बोलले आणि तो त्याचं बोलला. त्यालाही बरंच बोलायचं होतं. जागा ठरवायची राहूनच गेली.

परवा फोटोग्राफर घरी आला. सवयीनं त्यानं दादांना विचारलं, "सोबत कोण येणार?"

दादा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "कुनी कशाला? आमची पोरगी तिचं ती बोलती की."

मला हसू आलं आणि मागोमाग भरून आलं. हे कधी एकदा काकूंना सांगते असं झालं. आत जाऊन त्यांचा दुकानाच्या वेळचा जुना नंबर लावला. पलीकडं कुणी पुरुष होता. "राँग नंबर हाय ताई," म्हणाला. तरी मी फोन कानालाच धरून उभी होते.