बेचाळीस पावलं

न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात तो माझ्या शेजारी बसला होता. मी आमच्या सोसायटीच्या अपिलासाठी आलो होतो, तो स्वतःच्या. घाण पाणी सोडतो म्हणून प्रदूषण खात्याने त्याचा पावणे औद्योगिक वसाहतीतला कारखाना सील केला होता. नमुना मात्र घेतला होता सामाईक गटारातून.

"बघा काका, हा माझा गेट," म्हणत तो उठला आणि पावलं मोजत निघाला. व्हरांडा सव्वीस पावलांचाच. भिंतीपाशी वळून त्याने उरलेली सोळा पुरी केली. "हितं बाटली भरली. मधे तिघांचे पाइप. माझी नुसती लेथ मशीन हाय, पानी लागतं ते प्यायला!"

दुपारी निकाल लागला. त्याचं म्हणणं न ऐकताच काढलेला आदेश चुकीचा ठरला. पण प्रकरण फेरसुनावणीसाठी परत तो आदेश काढणाऱ्याच अधिकाऱ्याकडे गेलं आणि तोवर सील कायम राहिलं. चूक खात्याची, ती तपासणार तोच अधिकारी, आणि कारखाना बंद याचा! याला न्याय कसं म्हणायचं?

त्याच्या वकिलांनी हात मिळवला. "अभिनंदन, जिंकलात."

"मग साहेब, सील आजच काढू?"

वकिलांनी हळूच हात सोडवून घेतला.