बावन्न अंश

शिवदास मेस्त्री मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी जाड पट्टीत होती आणि डाव्या काखेत करवत होती. इस्पितळाच्या कॉरिडॉरमधून करवत घेऊन चालणारा पेशंट मी तोवर पाहिला नव्हता. त्यांच्या मागून डॉक्टर महमूद आत आले.

"तुमच्याकडे व्हाइस आहे ना?" त्यांनी मला विचारलं. "अर्धा तास आम्हाला द्या."

ही गोष्ट १९८१ च्या मार्चमधली. मनामातल्या एका इस्पितळाच्या मागच्या अंगाला आमचं दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. बिघडलेले ब्लडप्रेशरचे मीटर, सक्शन पंप, निर्जंतुकीकरणाच्या भट्ट्या, सगळं तिथे यायचं. डिप्लोमा करून मी नुकताच बहारीनला आलो होतो आणि माझा संबंध यंत्रांशीच होता. पेशंट लांबूनच दिसायचे.

मेस्त्री राजापूरकडचे, वय चाळिशीच्या आसपास. शहात्तर साली ते बहारीनला आले. पहिली दोन वर्षं स्लॅबच्या फळ्या ठोकण्यात गेली. त्या कामाला ते सुतारकाम म्हणत नसत. "खिळा वाकडा गेला तरी चालतो, तिथे मेस्त्री कशाला?" असं त्यांचं म्हणणं. मग हिद्दमधल्या हाशिमच्या कारखान्यात दारं-खिडक्यांचं काम मिळालं आणि तिथे ते रमले. फेब्रुवारीत लॉरीतून सागाची तुळई उतरवताना ती घसरली आणि लोखंडी कडेवर त्यांचं बोट सापडलं. जखम तीन आठवड्यांत भरली, पण बोटाच्या मधल्या सांध्याचा चुरा झाला होता. बोट होतं, पण त्यात जोर नव्हता. नुसता धक्का लागला तरी मेस्त्री डोळे मिटून घ्यायचे.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले होते. एक, बोट सांध्यापासून काढून टाकायचं. दोन आठवड्यांत कामावर. दुसरा, सांधा काढून दोन्ही हाडं तारांनी जोडायची. त्याला दोन महिने लागणार, आणि मधला सांधा पुन्हा कधी वाकणार नाही. ज्या कोनात हाड जुळेल, त्याच कोनात बोट जन्मभर राहील.

"काप म्हण नि मोकळा हो," असा तुकारामचा सल्ला. तुकाराम हा हाशिमचा ड्रायव्हर, चिपळूणचा, मेस्त्रींच्याच खोलीत राहणारा. तोच त्यांना गाडीतून आणायचा. "चार बोटांनी पण माणूस जेवतो. हाशिमशेठ काय बोलला, ऐकलंस ना? बुदैयाच्या बंगल्यांची दारं राहिलीत. मेस्त्री नाय तर दुसरा मेस्त्री. तुझा व्हिसा खलास."

"तर्जनी नसलेला सुतार बघितलायस कधी?" मेस्त्री म्हणाले.

"बघितलाय."

"काय करत होता?"

"फळ्या ठोकत होता," तो म्हणाला.

म्हणून मेस्त्रींनी दुसरा मार्ग धरला होता, आणि कोन ठरवण्यासाठी ते आणि डॉक्टर माझ्या व्हाइसपाशी आले होते. डॉक्टर महमूद बहारीनचेच, पण डॉक्टरकी मुंबईत शिकलेले, त्यामुळे त्यांचं हिंदी थेट परळचं होतं. त्यांनी खिशातून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या काढल्या. ऑपरेशनच्या आधी बोट अशा पट्टीवर बांधून बघायचं, की त्या कोनात काम जमतं का.

"पुस्तक सांगतं चाळीस अंश," ते म्हणाले. "पण पुस्तकाने कधी दार केलेलं नाही. तुम्ही सांगा."

"सरळ ठेवा साहेब. करवतीला तर्जनी सरळच लागते."

डॉक्टरांनी सरळ पट्टी बांधली. मी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात फळी आवळली. मेस्त्रींनी करवत धरली, तर्जनी मुठीवरून पुढे रोखली आणि हळूहळू कापत गेले. दुखत असणार, कपाळावर घाम होता. पण कापलेली कड इतकी सरळ की मी त्यावर स्टीलची पट्टी लावली तर खालून उजेड दिसला नाही.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता पेन्सिलीने रेघ मारा. आणि तो स्क्रू उचला."

रेघ थरथरत गेली. स्क्रू दोनदा निसटला, तिसऱ्यांदा जमिनीवर पडला. मेस्त्रींनी तो पायाने टेबलाखाली सरकवला.

"जमतंय साहेब. ठीक आहे."

डॉक्टर खाली वाकले, स्क्रू शोधून काढला आणि पुन्हा टेबलावर ठेवला.

"मेस्त्री, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय. मला बरं वाटायची गरज नाही, मी आजारी नाही."

मला हसू आलं. मेस्त्रींना आलं नाही. त्यांचे कान लाल झाले.

"डॉक्टरासमोर उलट कसं बोलायचं?" ते पुटपुटले.

"उलटच बोला. हाड एकदा जुळलं की परत मोडून घ्यायला येऊ नका. चार दिवस घ्या. हे बोट दिवसभर काय काय करतं ते बघा आणि मग माझ्याशी भांडायला या."

आता बोट तर बांधलेलं, ते काय करतं हे बघणार कसं? मेस्त्रींनी उपाय काढला. चार दिवस ते हाशिमच्या कारखान्यात एका पेटीवर जाऊन बसले आणि दुसऱ्या सुतारांच्या तर्जनीकडे बघत राहिले. तुकारामने सांगितलं की पहिल्या दिवशी एक पंजाबी सुतार वैतागला. दुसऱ्या दिवशी सगळेच वैतागले. "हाशिमशेठने मला विचारलं, याला बोटाला लागलंय की डोक्याला?"

पाचव्या दिवशी मेस्त्री आले ते करवत न घेता. गुण्या आणला होता, पाती हव्या त्या कोनात फिरवून स्क्रूने घट्ट करता येते तसला.

"साहेब, मी चुकलो होतो," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "आता करवत मशीनवर चालते. हाताने कापायचं म्हणजे दिवसात चार-पाच वेळा. बाकी सगळा वेळ पटाशी, पेन्सिल, स्क्रू. तर्जनी अंगठ्याला भेटलीच पाहिजे. ती भेटली नाय तर मी सुतार नाय."

"आणि करवत?"

"ती मी डाव्या हाताने शिकेन."

डॉक्टरांनी मग चाळीस अंशांची पट्टी बांधली. मेस्त्रींनी पटाशी धरली, दोन-तीन टवके काढले आणि मान हलवली. या वेळी त्यांनी कुणाला बरं वाटू दिलं नाही.

"कमी आहे. पटाशी टोकावर धरली जाते. जोर पोचत नाय."

पंचेचाळीस. "अजून थोडं." मग त्यांनी स्वतः अंगठा आणि तर्जनीचं टोक जुळवून गुण्याची पाती त्याला लावली, स्क्रू घट्ट केला आणि गुण्या टेबलावर ठेवला. मी कोनमापक लावून वाचलं. बावन्न.

"बावन्न जास्त आहे," डॉक्टर म्हणाले. "खिशात हात घालताना अडकेल. हात कधी सपाट ठेवता येणार नाही. कुणाला सलाम करताना हे बोट आकड्यासारखं दिसेल."

"खिसा डाव्या बाजूला शिवून घेईन."

"पन्नास."

"साहेब, तुम्ही भांडायला सांगितलंत."

डॉक्टरांनी बावन्नची पट्टी बांधली आणि मेस्त्रींना तासभर काम करू दिलं. स्वतः स्टुलावर बसून बघत होते. दोनदा वॉर्डातून बोलावणं आलं, दोनदा जाऊन परत आले. शेवटी मला म्हणाले, "या कोनाचा एक नमुना करून द्या. स्टेनलेसचा. ऑपरेशनच्या टेबलावर माझ्या हाताशी असू दे."

मी पट्टी कापली, वाकवली, कडा घासून गोल केल्या. "अर्ध्या अंशाच्या आत आहे," मी अभिमानाने सांगितलं.

"हाड मला अर्धा अंश देणार नाही," ते हसले. "दोन अंश पुरे. पण तुम्ही असंच करा."

पट्टी भट्टीतून निर्जंतुक होऊन गेली. ऑपरेशन दोन तास चाललं. मधल्या सांध्यातून दोन बारीक पोलादी तारा आडव्या-तिरप्या घातल्या होत्या, त्यांची टोकं पट्टीतून जराशी बाहेर दिसायची. वॉर्डातल्या सत्यवती सिस्टर कारवारच्या, मराठी बोलणाऱ्या. दुसऱ्याच सकाळी त्या माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या.

"तुमच्या माणसाला सांगा. ऑपरेशन होऊन एक रात्र झाली नाही, आणि मेस्त्रीभाऊ डाव्या हाताने सुरीने ब्रेडचे उभे तुकडे करतायत. सगळ्या वॉर्डाचा ब्रेड! विचारलं तर म्हणतात, हात वळतोय."

"सरळ कापलेत का?" मी विचारलं.

"मुळीच नाही," त्या म्हणाल्या आणि हसू दाबत निघून गेल्या.

घरी सोडल्यावरही मेस्त्री एक दिवसाआड यायचे. आधी ड्रेसिंग, मग माझं वर्कशॉप. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, डाव्यात करवत. पहिल्या आठवड्यात कापलेल्या फळ्या मी चहाच्या कपाखालीसुद्धा ठेवल्या नसत्या. करवत भलतीकडे जायची, अडकायची, मेस्त्री तिला आईबहिणीवरून बोलायचे आणि मग लगेच तिच्या मुठीला हात लावून कपाळाला लावायचे. तिसऱ्या आठवड्यात कड सरळ येऊ लागली. सरळ, पण तिरपी. पाचव्या आठवड्यात मी पुन्हा स्टीलची पट्टी लावून पाहिली. खालून थोडा उजेड दिसला, थोडाच.

हाशिमने सहा आठवड्यांची मुदत दिली होती. सहाव्या आठवड्यात एक्स-रे काढला आणि हाड पुरतं जुळलेलं नव्हतं.

त्या दिवशी मेस्त्री गयावया करायला लागले. "साहेब, तारा काढा. मी सांभाळून करीन. उद्या हजर नाय झालो तर तिकीट हातात देतील."

डॉक्टर महमूदांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि बोटाने त्यांना ती फट दाखवली. केसाएवढी काळी रेघ. "ही दिसते? तुम्ही दार जोडताना एवढी फट ठेवता का?"

"नाय."

"मग मला का ठेवायला सांगता? मुदत हाशिमची आहे. हाड तुमचं आहे."

तिथेच त्यांनी फोन उचलला. बोलणं अरबीत झालं आणि बराच वेळ झालं. आवाज चढला, उतरला, मध्येच डॉक्टर हसले, मग पुन्हा गंभीर झाले. मला फक्त शेवटचं "इंशाल्ला" कळलं. फोन ठेवून ते म्हणाले, "मी त्याला सांगितलं, आज याला कामावर घेतलंस तर आठ दिवसांत तुला निकामी सुतार मिळेल, दोन आठवडे थांबलास तर चांगला सुतार. तो म्हणाला, दोन आठवडे. पण नंतर एक दार, एकट्याने. नीट बसलं तर काम. नाही तर तिकीट."

"तुमच्या मनाला काय वाटतं, बसेल?" मेस्त्रींनी विचारलं.

"माझं काम हाड बसवणं. दार तुमचं."

दोन आठवड्यांनी फट भरली. तारा निघाल्या. सत्यवती सिस्टरनी ते बोट पहिल्यांदा कोमट पाण्यात बुडवून स्वतः पुसलं. ते पांढरं, बारीक आणि बावन्न अंशांत वाकलेलं होतं. मेस्त्रींनी अंगठा पुढे आणला. टोकाला टोक भिडलं. त्यांनी सिस्टरच्या ट्रेमधली सेफ्टी पिन उचलली, परत ठेवली, पुन्हा उचलली. सहा-सात वेळा.

दार बसवायचा दिवस शुक्रवार होता, त्यामुळे मला सुट्टी होती. हाशिमला नव्हती. तुकाराम मला गाडीत घालून बुदैयाला घेऊन गेला. खजुरांच्या बागांपलीकडे अर्धवट बंगल्यांची रांग, मे महिन्याचं ऊन, आणि आत सागाच्या बारा दारांची चळत. चौकटी भिंतीत बसलेल्या होत्या. हाशिम खुर्ची टाकून समोरच बसला. सगळे लांब उभे राहिले. कुणी मदत करायची नव्हती.

मेस्त्रींनी चौकट मापली, दारावर पेन्सिलीने रेघ मारली. ती थरथरली नाही. मग करवत डाव्या हातात घेतली. हाशिमने तुकारामकडे पाहिलं.

"हा डावखुरा कधी झाला?"

"एप्रिलमध्ये, शेठ."

वरची कड कापून झाली. बिजागऱ्यांच्या खाचा करायला पटाशी उजव्या हातात आली. अंगठा आणि ते वाकडं बोट पोलादाला दोन्हीकडून धरून होतं. पहिल्या खाचेनंतर ते थांबले. हात खाली सोडला, मूठ मिटली-उघडली, तर्जनी सोडून सगळी बोटं पुरती वळली. मग दुसरी खाच. तिसरी. स्क्रू एकेक करून चिमटीत धरून लावले. एकही पडला नाही.

दार उभं केलं, ढकललं. खाली डाव्या कोपऱ्यात ते घासलं.

"खलास?" हाशिमने विचारलं. आवाजात थट्टा नव्हती, पण घाई होती.

"मफी खलास, अजून संपलं नाय," मेस्त्री म्हणाले. स्क्रू सगळे परत काढले. एकट्याने दार उतरवताना त्याचं वजन खांद्यावर आलं, तुकाराम नकळत एक पाऊल पुढे गेला. "लांब राहा!" मेस्त्री त्याच्यावर खेकसले. कोपऱ्यावरून रंधा दोनदा फिरवला, हात लावून बघितला, तिसऱ्यांदा अगदी हलका. दार पुन्हा चढवलं. शर्ट पाठीला पूर्ण चिकटला होता.

हाशिम उठला. दार उघडलं, लावलं. अर्ध्यावर सोडून दिलं, ते तिथेच राहिलं. वाकून खालची फट पाहिली, वरची पाहिली. मग मेस्त्रींचा उजवा हात हातात घेऊन ते बोट उलटसुलट करून बघितलं.

"दुखतं?"

"दुखतं. काम होतं."

हाशिमने हात सोडला. "ठीक. शिवा, बाकीची अकरा उद्यापासून."

मेस्त्रींनी खिडकीतून बाहेर बघितलं. ऊन अजून भिंतीच्या अर्ध्यावर होतं.

"उद्या कशाला?" ते म्हणाले. "तुकाराम, दुसरं दार पकड. चल, यल्ला."