भागीरथीबाईंची मूठ

सुलभाचा डोळा लागतोय तोही रागातच. भर दुपारी, स्वयंपाकघराच्या फरशीवर, वजनकाट्याकडे पाठ करून ती आडवी झालीय. काट्याच्या ताटलीत वाटीभर तांदूळ तसेच पडलेत, आकडा दीडशे ग्रॅम दाखवतोय. थोरल्या जाऊबाईंची चकलीची भाजणी तिनं वाट्यांवरून ग्रॅमवर आणली, बचत गटानं पाकिटं भरली, आणि चकल्या अशा निघाल्या की शेजारच्या मारुतरावांची कवळी दुभंगली, चकली मात्र शाबूत. उद्याचा घाणाही बिघडला तर गटातल्या बायका हे काम तिच्याकडून काढून घेणार. आणि जाऊबाई? त्या गेल्या माघात खुशाल मरून मोकळ्या!

"मोकळी कसली! स्वस्थ पडू देतेस का तू?"

भागीरथीबाई ओट्यावर मांडी ठोकून बसल्यात. ओटा पिठाच्या गिरणीत आहे, पट्टा फटफटतोय.

"चार वाट्या तांदूळ," सुलभा ओरडते, "तुमचंच माप, तुमचीच वाटी. तरी दगड!"

"माझ्या घरात काटा आणलास. सोनाराचं दुकान आहे का हे?"

"तीस वर्षं शेजारी उभी होते मी. डब्याला हात लावू दिलात कधी?"

"तू सांडायचीस."

"एकदा सांडलं होतं! एकदा!"

पट्ट्याची फटफट म्हणजे एसटीचं इंजिन आहे. दोघी मागच्या सीटवर आहेत, मध्ये तांदळाचा डबा, गाडी घाट चढतेय. भागीरथीबाई वाटी शिगोशीग भरतात; एवढ्या हिसक्यांत एक दाणा सांडत नाही. मग त्यांचा तो सुपाएवढा पंजा वाटीत शिरतो आणि मूठभर तांदूळ परत डब्यात टाकतो.

"हे काय?"

"डबा पुरायला नको? तांदूळ काढले की मूठभर परत द्यायचे. डाळींना नाही, तांदळालाच."

"आणि मला सांगताना चार वाट्या!"

"चारच की. बाकीचं बघून शिकायचं असतं."

"तुम्ही पाठ करून मापायचात!"

जाऊबाई खिडकीबाहेर बघतात. बाहेर घाट नाही, त्यांचंच स्वयंपाकघर मागे मागे पळतंय.

"तुला आलं असतं," त्या पुटपुटतात, "तर दिवाळीत मला कोणी हाक मारली असती?"

"मग आता कशाला आलात?"

"पाकिटावर नाव कुणाचं छापलंयस? माझं! गावभर बोंब आहे, भागीरथीची चकली म्हणजे दगड. ते मी ऐकून घेऊ?"

सुलभा ताडकन उठून बसते. दारं-खिडक्या बंद. ताटलीतल्या तांदळाच्या ढिगात मधोमध खड्डा पडलाय आणि आकडा एकशे अठरा. ती आपली मूठ त्या खड्ड्यात घालून बघते. चहूबाजूंनी जागा उरते.

"जिवंतपणी दाखवलं असतंत तर काय हात झिजला असता?" ती रिकाम्या ओट्यावर खेकसते, आणि उद्याच्या घाण्याचे तांदूळ पहिल्यापासून तोलायला बसते.