खिशातली जोडवी

कॉलेज केलेला आमच्या घरात मी एकटाच, म्हणून आईचं दवाखान्याचं सगळं मीच बघतो. तिच्या पायाची जखम भरेना, तेव्हा राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात लेसरच्या उपचाराला नेऊ लागलो. तिथं एक म्हातारा बायकोला घेऊन यायचा. मधुमेहानं तिच्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट चिघळलं होतं. बोट राहणार की कापावं लागणार, हे ठरायचं होतं. जखमेवर तांबडा उजेड पडला, की तो खिशातून तिची जोडवी काढून अंगठ्यानं पुसत बसायचा.

काल डॉक्टर म्हणाले, "बोट वाचलं. पण पायांच्या बोटांत आता काही घालायचं नाही."

बाई रडवेली झाली. "तुमी असताना मोकळ्या पायानं हिंडू व्हय?"

"हिंड की! मी मेल्यावर बायका वढून काढणारच हुत्या. आता तुला इचारून, माझ्या हातानं निघाली. बरं झालं."

"गप बसा!" तिनं त्याच्या दंडावर चापट मारली.

आई सगळं ऐकत होती. बाबा गेले त्या दिवशी तिचीही जोडवी बायकांनीच काढली होती. गाडीवर बसताना ती एवढंच म्हणाली, "मला कुणी इचारलं बी न्हाय."