गोठ्यातून हजर

आमच्या सेवा क्लबची बैठक दर रविवारी सकाळी ऑनलाइन भरते. मी शाहूपुरीतल्या घरातून बसतो. राधानगरीकडचे एक काका थेट गोठ्यातून हजर व्हायचे. स्क्रीनवर नावाच्या जागी त्यांच्या मोबाइलचं मॉडेल दिसायचं, त्यामुळे नाव कधी कळलंच नाही. बोलायची वेळ आली की टॉवेलला हात पुसून ते मोबाइल इतका जवळ धरायचे की नुसती मिशी दिसायची.

एकदा अध्यक्षांनी सांगितलं, की युवा आदानप्रदान कार्यक्रमात जपानची एक मुलगी काही महिने इथल्या एका घरी राहायला येणार होती, पण ठरलेल्या कुटुंबानं ऐनवेळी नकार दिलाय. दुसरं घर मिळालं नाही, तर तिचं येणं रद्द होईल.

तेवढ्यात मिशी हलली. "आमच्याकडं पाठवा की!"

"काका, तिला मराठी येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"न्हाय तर न्हाय. आमची सून कानडी. लगीन होऊन आली तवा तिला तरी कुठं येत हुतं? आता मलाच दटावतीया!"

ती मुलगी आल्यावर दोन महिन्यांनी बैठकीत स्क्रीनवर त्यांच्या गोठ्यात धार काढताना दिसली. अध्यक्षांनी मोठ्या आवाजात, इंग्रजीत तिची खुशाली विचारली. मान वर न करता तिनं बजावलं, "हळू बोला की, म्हैस बिथरतीया!"

काका इतके हसले, की मोबाइल वैरणीत पडला. मग बराच वेळ आम्हाला गोठ्याचं छप्परच दिसत होतं, पण बैठक कुणीच सोडली नाही.